कमी दिसणाऱ्यांसाठी पडदा मोठा करणारी साधनं: सातबारा उघडून केलेली पारख

मोठं केलं की दिसतं, हा हिशेब अर्धाच खरा आहे. सेतू केंद्रात, एमएस-सीआयटीच्या वर्गात किंवा आडत दुकानाच्या टेबलावर पुष्कळदा १३६६ × ७६८ पिक्सेलचा पडदा असतो. तो तीनपट मोठा केला की एका वेळी नजरेसमोर उरतो फक्त ४५५ × २५६ पिक्सेलचा तुकडा, म्हणजे पडद्याचा नववा हिस्सा. चारपट केला तर सोळावा. अक्षर दिसतं, पण ओळ हरवते. ओळ सापडते, तोवर रकाना हरवतो. म्हणून कुठलंही साधन पारखताना ते किती पट मोठं करतं हा पहिला प्रश्न नव्हेच. कमीत कमी किती पटीत माणसाचं काम होतं, आणि तेवढ्या पटीत अक्षर स्वच्छ राहतं का, हे पाहायचं.

आपल्याकडे अमळनेर-धुळ्याच्या बाजूला ‘डोयाले कमी दिसस’ असं म्हटलं की त्यात सगळं येतं: मोतीबिंदू, काचबिंदू, साखरेमुळे खराब झालेला डोळ्याच्या आतला पडदा, जन्मापासूनची कमी नजर. साधन निवडताना मात्र हे वेगवेगळं धरावं लागतं. रेटिनायटिस पिगमेंटोसा (डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू निकामी करणारा आजार) किंवा वाढलेल्या काचबिंदूत नजरेचा घेर आक्रसतो, मधलं थोडंसंच दिसतं. अशा माणसाला पाचपट मोठं अक्षर दिलं तर ते त्याच्या घेरातच मावत नाही. त्याला दीडपट, गडद आणि स्वच्छ अक्षर जास्त उपयोगाचं. मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग, खराब झालेल्याचं उलट असतं. मधलंच दिसत नाही, त्यामुळे अक्षर खरोखर मोठं लागतं. अल्बिनिझम (जन्मजात रंगद्रव्याची कमतरता) असलेल्याला मोठ्या अक्षरापेक्षा आधी उजेड कमी हवा असतो.

साधनाकडे वळण्याआधी तीन फुकटचे उपाय करून घ्यायचे. पहिला अंतराचा. पडदा साठ सेंटीमीटरवरून तीस सेंटीमीटरवर आणला की अक्षर आपोआप दुप्पट होतं आणि पडद्याचा कुठलाही भाग कापला जात नाही. टेबलाला अडकवायचा मॉनिटरचा हात घेतला की पडदा हवा तेवढा पुढे ओढता येतो. मात्र चाळिशीनंतर डोळ्याला जवळचं फोकस जमत नाही. जवळचा चष्मा साधारण चाळीस सेंटीमीटर धरून दिलेला असतो, आणि तो लावून तीस सेंटीमीटरवर बसलं की अक्षर मोठं पण धूसर दिसतं. चष्म्याचा नंबर काढताना पडद्याचं अंतर टेपने मोजून नेत्रतज्ज्ञांना सांगा. दुसरा उपाय ब्राउझरचा. कंट्रोल आणि प्लस दाबलं की वेबपान मोठं होतं, क्रोममध्ये ५०० टक्क्यांपर्यंत. नीट बांधलेल्या पानावर ओळी नव्याने मोडून पडद्याच्या रुंदीत बसतात, आडवं सरकावं लागत नाही. कंट्रोल आणि शून्य दाबलं की मूळ आकार परत. तिसरा उपाय विंडोजच्या सेटिंग्जमधला: डिस्प्लेमधलं स्केल १२५ किंवा १५० टक्के, आणि ॲक्सेसिबिलिटीतलं टेक्स्ट साइज, जे २२५ टक्क्यांपर्यंत जातं. या दोन्हींत अक्षर नव्याने काढलं जातं, म्हणून कडा फाटत नाहीत.

स्केल वाढवल्यावर दोन अडचणी हमखास येतात. लहान पडद्यावर चौकटीचं ‘ओके’ बटण खाली पडद्याबाहेर जातं. तेव्हा ऑल्ट आणि स्पेस दाबून मग एम दाबा, चौकट बाणांच्या कळांनी वर सरकते. दुसरं, जुनी हिशेबाची सॉफ्टवेअर अशा स्केलवर धुरकट दिसतात, कारण त्यांना मोठ्या अक्षरात स्वतःला काढता येत नाही आणि विंडोज त्यांचं तयार चित्र ताणून दाखवतं. त्या सॉफ्टवेअरच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज. तिथे ओव्हरराइडवर खूण करून ‘सिस्टम एन्हान्स्ड’ निवडा. सगळीकडे नाही, पण पुष्कळ ठिकाणी अक्षर सुधारतं.

एवढं करूनही भागत नसेल तर मॅग्निफायर. विंडोजसोबतच येतं, वेगळे पैसे नाहीत. विंडोज की आणि प्लस दाबलं की सुरू, विंडोज की आणि एस्केपने बंद. ज्या लॅपटॉपला आकड्यांचा वेगळा संच नाही तिथे बॅकस्पेसशेजारची बरोबरच्या चिन्हाची कळ वापरा, शिफ्ट दाबायची गरज नाही. मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक दाबणीला १०० टक्के वाढ होते, म्हणजे पहिल्याच दणक्यात पडद्याचा पाव भाग उरतो. नवा माणूस इथेच बिचकतो आणि साधन बाजूला ठेवतो. विंडोज की आणि यू दाबून ॲक्सेसिबिलिटी उघडा, मॅग्निफायरमध्ये जा आणि झूम इन्क्रिमेंट २५ टक्के करा. मग १२५, १५०, १७५ असं चढत जाऊन जिथे न अडखळता वाचता येतं तिथे थांबा. कमाल मर्यादा १६०० टक्क्यांची आहे. तिथे पोचायची गरज वाटत असेल तर डोळ्यांऐवजी कानावर काम न्यायची वेळ आली आहे असं समजावं.

याच्या तीन तऱ्हा आहेत. कंट्रोल-ऑल्ट-एफने पूर्ण पडदा मोठा होतो, कंट्रोल-ऑल्ट-एलने भिंगासारखी चौकट माउससोबत फिरते, कंट्रोल-ऑल्ट-डीने वरती एक पट्टी बसते आणि खाली मूळ पडदा तसाच राहतो. हे शॉर्टकट मॅग्निफायर चालू असतानाच दाबायचे. बंद असताना वर्डमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एफ दाबलं तर तळटीप घातली जाते आणि कंट्रोल-ऑल्ट-डीने लेखाच्या शेवटची टीप. मजकुरात मध्येच बारीक आकडे उगवले तर कारण हे.

आता सातबारा. महाभूलेखवर उतारा उघडला की खातेदाराचं नाव एका बाजूला, त्याच्या नावावरचं क्षेत्र दुसऱ्या रकान्यात. पूर्ण पडदा तीनपट केला की नाव दिसतं, क्षेत्र पडद्याबाहेर. माउस उजवीकडे नेईपर्यंत हात थोडा वरखाली होतो आणि आपण शेजारच्या खातेदाराच्या ओळीवर उतरतो. हे कळतही नाही, कारण मोठ्या केलेल्या तुकड्यात सगळ्या ओळी सारख्याच दिसतात. इथे पूर्ण पडदा चुकीचा, भिंग बरोबर. पण त्याचा मूळ आकार बदलून. मॅग्निफायरच्या सेटिंगमध्ये भिंगाची रुंदी आणि उंची वेगवेगळी ठरवता येते. रुंदी जवळजवळ पूर्ण आणि उंची कमीत कमी, एक-दोन ओळी मावतील एवढीच ठेवा. पट्टीसारखं भिंग तयार होतं. वहीवर फूटपट्टी ठेवून ओळ वाचतात तशी ती एकेक ओळ खाली आणायची. झूम दीडपट-दुप्पट असेल तर नावापासून क्षेत्रापर्यंतचा बराच पल्ला एका पट्टीत येतो. आकार जागच्या जागी बदलायला कंट्रोल-ऑल्ट-आर दाबून माउस हलवायचा.

क्षेत्राचे आकडे इंग्रजीत असतील तर तीन आणि आठ यांत फरक डावीकडच्या बारीक फटीचा. ती फट भरून दिसली की ३१ आरचे ८१ आर होतात, पाऊण एकराचे दोन एकर. मॅग्निफायरमध्ये ‘स्मूद एजेस’ नावाची एक खूण आहे. ती चालू असताना अक्षराच्या कडा मऊ होतात, फोटो चांगले दिसतात, पण अशा फटी भरतात. बंद केली की कडा पायऱ्यांसारख्या दिसतात, मात्र फट फट राहते. आकडे वाचताना ती बंद ठेवावी असं आमचं मत. नुसता मजकूर वाचताना डोळ्याला जे बरं वाटेल ते.

देवनागरीला हा त्रास इंग्रजीपेक्षा जास्त. इंग्रजीत ओळीच्या वर टिंब येतं ते आय आणि जेवर. आपल्याकडे अनुस्वार, मात्रा, वेलांटी, रफार सगळं शिरोरेषेच्या वर, आणि उकार, ऋकार, पायमोडकी अक्षरं खाली. मॅग्निफायर तयार चित्रातले ठिपके मोठे करतो, अक्षर नव्याने काढत नाही. मूळ पडद्यावर अनुस्वार दोन ठिपक्यांचा असेल तर तीनपटीत तो सहा ठिपक्यांचा डाग होतो आणि शेजारच्या मात्रेला चिकटल्यासारखा दिसतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य या जोड्यांत फरक एका गाठीचा किंवा तुटक्या रेषेचा. थोरातांचं योरात झालं की अर्जातलं नाव आधारशी जुळत नाही आणि अर्ज परत येतो. उपाय असा: मजकूर आपल्या हातातला असेल, म्हणजे वर्डमधला किंवा मेलमधला, तर आधी फॉन्ट मोठा आणि ठसठशीत करा, मग मॅग्निफायरची पट कमी ठेवा. निर्मला यूआय किंवा ‘मुक्त’ (Mukta) नावाचा फॉन्ट १८ पॉइंटला घेऊन दीडपट केला तर मंगल ११ पॉइंटला तीनपट केल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतो. कोकिला फॉन्ट टाळाच. तो त्याच पॉइंटला इतर फॉन्टपेक्षा लहान आणि बारीक येतो. अक्षराच्या कडेला लाल-निळी झाक दिसत असेल तर ती क्लिअरटाइपची. स्टार्टमध्ये ‘क्लिअरटाइप’ टाइप करून ‘ॲडजस्ट क्लिअरटाइप टेक्स्ट’ उघडा, बंद करून पाहा.

स्कॅन केलेल्या पीडीएफला यातलं काहीच लागू नाही. तो फोटोच असतो. तलाठ्याकडची जुनी फेरफार नोंद स्कॅन करून घेताना ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) मागा. १०० डीपीआयचा कागद कितीही मोठा केला तरी त्यात नसलेला ठिपका येणार नाही.

पडदा कसा सरकतो यावर दिवसभराची दमणूक ठरते. मॅग्निफायरला माउस, कीबोर्डचा फोकस (टॅब दाबत आपण जिथे पोचतो ती जागा) आणि टायपिंगचा कर्सर यांच्या मागे जायला सांगता येतं. माउससाठी दोन पर्याय आहेत: बाण पडद्याच्या मध्यावर ठेवणं, किंवा तो काठाला लागेपर्यंत पडदा स्थिर ठेवणं. मध्यावर ठेवलं तर हात जरा हलला की सगळा पडदा सरकतो. काहींना त्याने मळमळतं, डोकं दुखतं. तक्ते आणि फॉर्म भरणाऱ्याने काठाचा पर्याय घ्यावा, आक्रसलेल्या घेराच्या माणसाने मध्याचा. टायपिंग करताना अंगठा टचपॅडला लागून पडदा दुसरीकडेच उडी मारतो, ही फार आढळणारी तक्रार. टचपॅडच्या सेटिंगमध्ये माउस जोडल्यावर तो बंद राहील असं करून ठेवा. कर्सरच्या मागे मॅग्निफायर जातच नाही, असंही काही सॉफ्टवेअरमध्ये होतं. कर्सर कुठे आहे ते मॅग्निफायर त्या सॉफ्टवेअरलाच विचारतं. जे सॉफ्टवेअर स्वतःची अक्षरं स्वतःच रंगवतं ते उत्तर देत नाही. अशा जागी वरच्या पट्टीची तऱ्हा (कंट्रोल-ऑल्ट-डी) घेऊन माउस हाताने ओळीवर ठेवणं हाच मार्ग.

आणखी एक घोळ जुन्या इंटेल ग्राफिक्सच्या मशीनवर होतो. मॅग्निफायरमध्ये पडदा सरकवायला कंट्रोल-ऑल्ट आणि बाण दाबतात, आणि इंटेलच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये तेच बटण पडदा फिरवायला असतं. सगळा पडदा आडवा-उलटा झाला की मशीन बिघडलं असं वाटतं. कंट्रोल-ऑल्ट आणि वरचा बाण दाबा, सरळ होतो. मग इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये हॉट कीज कायमच्या बंद करा.

माउसचा बाण पडद्यावर सापडत नसेल तर उपाय वेगळा. ॲक्सेसिबिलिटीत माउस पॉइंटरचा आकार १ ते १५ पर्यंत वाढतो आणि रंगही बदलतो. पिवळा किंवा पोपटी घ्या. मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉइज नावाचं मोफत साधन टाकलं तर डावी कंट्रोल दोनदा दाबली की पडदा अंधारतो आणि बाणाभोवती उजेडाचं वर्तुळ येतं. एवढ्या एका सोयीसाठीसुद्धा ते टाकण्यासारखं आहे.

रंगांबद्दल. कंट्रोल-ऑल्ट-आयने रंग उलटतात, पांढऱ्यावरचं काळं काळ्यावर पांढरं होतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, दुकानाचं शटर उघडं असतं आणि समोरचा रस्ता पांढरा फटक दिसतो. अशा वेळी पांढऱ्या पडद्याचा झगझगाट कमी झाला की डोळा बराच वेळ टिकतो. पण आधी खुर्ची फिरवा. दार किंवा खिडकी पाठीमागेही नको आणि समोरही नको, बाजूला हवी. रंग उलटल्यावर फोटो भुतासारखे दिसतात. त्याऐवजी विंडोज ११ मधली कॉन्ट्रास्ट थीम लावली तर फोटो तसेच राहतात, फक्त मजकूर आणि पार्श्वभूमी बदलते. डाव्या ऑल्ट, डाव्या शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन या तिन्ही कळा एकत्र दाबून ती लागते आणि निघते. लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर आला की उजेड आपोआप कमीजास्त होतो, आणि मोठ्या केलेल्या पडद्यावर ते लुकलुकणं फार जाणवतं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये आशयानुसार ब्राइटनेस बदलण्याची खूण काढून टाका. वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा वाचताना मात्र रंग मूळचेच ठेवा आणि कंट्रोल-ऑल्ट धरून माउसचं चाक फिरवत झटकन चारपट करा.

आवाजाची जोड इथे खरी कामाला येते. मॅग्निफायरमध्येच कंट्रोल-ऑल्ट-एंटर दाबलं की वाचन सुरू होतं. मराठी मजकुरासाठी हिंदीचा आवाज विंडोजमध्ये बसवून घेता येतो, हेमंत किंवा कल्पना. उच्चार हिंदी वळणाचे येतात, ळ आणि च कानाला खटकतात, पण अर्थ लागतो. वेबपानासाठी एज ब्राउझरचं ‘रीड अलाउड’ यापेक्षा सरस. कंट्रोल-शिफ्ट-यू दाबा, आवाजांच्या यादीत मराठीचे आरोही आणि मनोहर आहेत, आणि ते खरंच ऐकवण्यासारखे आहेत. त्यांना इंटरनेट लागतं. एनव्हीडीए हा २००६ पासूनचा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मॅग्निफायरसोबत चालतो. त्याच्या सेटिंगमधल्या व्हिजन विभागात फोकसभोवती रंगीत चौकट लावता येते, म्हणजे मोठ्या पडद्यावर आपण नेमके कुठे आहोत ते दिसतं आणि ऐकूही येतं. त्याचा मराठी ई-स्पीक आवाज यांत्रिक आहे; सवय लागायला आठवडा द्यावा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर मात्र कुठलाच आवाज वाचू शकत नाही. दिसतं मराठी, पण आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, आणि आवाज त्यांचीच बडबड करतो. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे मराठी अक्षराला मराठीचाच संकेत असतो अशा पद्धतीत, बदलून घेणं हाच इलाज.

विकतच्या साधनांत दोन नावं महत्त्वाची. झूमटेक्स्ट अमेरिकेतलं, ६० पटीपर्यंत जातं. सुपरनोव्हा इंग्लंडच्या डॉल्फिन कंपनीचं, ६४ पटीपर्यंत. एवढी पट कुणालाच लागत नाही. पैसे द्यायचे ते अक्षर नव्याने काढण्याच्या तंत्रासाठी. झूमटेक्स्ट त्याला एक्सफॉन्ट म्हणतं, सुपरनोव्हा ट्रू फॉन्ट्स. चारपटीच्या पुढे दिवसभर टायपिंग करणाऱ्याला, म्हणजे कारकून, शिक्षक, अकाउंटंट यांना हा फरक मोठा आहे. पट्ट्या, भिंगं आणि रंग प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी वेगळे लक्षात ठेवण्याची सोयही त्यांच्यात चांगली आहे. तीनपटीत काम भागत असेल तर मात्र आमच्या मते हा खर्च करू नये. तेच पैसे २४ इंची मॅट पडदा आणि मॉनिटरच्या हातावर घालावेत. ज्याला वाचून दाखवणंही पूर्ण हवं त्याने झूमटेक्स्ट आणि जॉज हा स्क्रीन रीडर एकत्र असलेलं फ्यूजन पाहावं.

नोकरी सरकारी असेल तर खिशातून पैसे घालण्याआधी कार्यालयाला लेखी मागणी करा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २० प्रमाणे दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय करून देणं सरकारी आस्थापनेवर बंधनकारक आहे. मागणीत साधनाचं नुसतं नाव लिहू नका. कुठलं काम, आज किती पटीत, त्यात काय दिसत नाही, हे लिहा. बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षांत दृष्टिबाधित उमेदवाराला मोठ्या अक्षरात प्रश्न पाहण्याचा पर्याय आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो. अर्ज भरतानाच तो पर्याय निवडावा लागतो. तो पडदा आपल्या घरच्या मॅग्निफायरसारखा चालत नाही, म्हणून सराव नुसत्या ब्राउझर झूमवरही करून ठेवा.

मॅकवर ऑप्शन-कमांड-८ ने झूम सुरू होतं, आणि कमांड दाबून बाणाखालचा मजकूर वेगळ्या चौकटीत मोठा दाखवणारी ‘होव्हर टेक्स्ट’ची सोय उत्तम आहे. उबुंटू असलेल्या शाळेच्या मशीनवर सुपर-ऑल्ट-८. साधं, पण चालतं. मायक्रोसॉफ्टचंच झूमइट हे भाषणात पडदा दाखवण्यासाठीचं साधन आहे. रोजच्या कामाला ते घेऊ नका.

विकतचं साधन दाखवायला कुणी आलं तर ते इंग्रजी मजकूर उघडतील आणि अक्षर काचेसारखं स्वच्छ दिसेल. तिथे थांबू नका. आपला सातबारा, आपलं मराठी वर्डचं पान आणि रोजचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, तिन्ही आपल्याच मशीनवर उघडायला लावा. पट आपल्याला लागते तेवढीच ठेवा. अनुस्वार मात्रेपासून सुटा दिसतो का, टाइप करताना पडदा कर्सरच्या मागे येतो का, आणि क्षेत्राच्या रकान्यातला आकडा तीन आहे की आठ, हे शेजारच्याला न विचारता सांगता येतं का, ते पाहा.